शेळीचे लोणी

शेळीच्या दुधातील वसा (स्निग्ध पदार्थ) घुसळून वेगळी केल्यावर मिळणारा मऊ, पांढराशुभ्र पदार्थ. गाईच्या लोण्याप्रमाणेच यात वसेचे प्रमाण सु. ८० टक्के असून उरलेला भाग मुख्यतः पाण्याचा व अल्प प्रमाणात दुधातील इतर घटकांचा असतो. शेळी हा माणसाने दुधासाठी पाळलेल्या सर्वांत जुन्या प्राण्यांपैकी एक असूनही तिचे लोणी बाजारात क्वचितच मोठ्या प्रमाणावर आले. ते बहुतांशी घरात तयार झाले आणि घरातच संपले. त्यामुळे त्याचा इतिहास व्यापाराच्या नोंदींपेक्षा मातीची व कातड्याची भांडी, धर्मविधी, वैद्यकग्रंथ आणि प्रवासवर्णने यांतून जुळवावा लागतो. हे लोणी कोठे रुजले व कोठे रुजले नाही, याचे एक महत्त्वाचे कारण शेळीच्या दुधाच्या घडणीत सापडते. ज्या समाजांत सगळे दूध विरजून घुसळण्याची रीत होती, तेथे ते सहज निघाले. ज्या समाजांत दुधावर आपोआप येणाऱ्या सायीवर भिस्त होती, तेथे शेळीचे दूध चीजकडे वळले.

दुधाची घडण : दुधातील वसा सूक्ष्म गोलिकांच्या रूपात तरंगत असते व प्रत्येक गोलिकेभोवती एक पातळ पटल असते. शेळीच्या दुधातील गोलिका गाईच्या दुधातील गोलिकांपेक्षा सरासरीने लहान असतात. शिवाय थंड झालेल्या गाईच्या दुधात गोलिकांना परस्परांशी चिकटवून त्यांचे पुंजके बनविणारे प्रथिन असते. शेळीच्या दुधात त्याचा जवळजवळ अभाव असतो. परिणामी गाईचे कच्चे दूध रात्रभर ठेवल्यास त्यावर मलईचा जाड थर येतो, तर शेळीच्या दुधावर तो फार सावकाश व पातळ येतो. शेळीच्या दुधात वसा कमी असते, असा यावरून होणारा समज मात्र बरोबर नाही. तिचे प्रमाण जात, आहार व वेताचा काळ यांनुसार बदलत असले, तरी ते साधारणपणे गाईच्या दुधाइतकेच, म्हणजे ४ टक्क्यांच्या आसपास असते. वसा असते, पण ती सहजासहजी वर येत नाही.

या लोण्याचा पांढरा रंगही दुधाच्या घडणीतूनच येतो. गाईच्या लोण्याला पिवळसरपणा देणारे कॅरोटीन शेळीच्या शरीरात जवळजवळ पूर्णपणे अ जीवनसत्त्वात रूपांतरित होते. म्हशीचे लोणीही याच कारणाने पांढरे असते. कॅप्रोइक, कॅप्रिलिक व कॅप्रिक ही अम्ले शेळीच्या वसेत गाईच्या वसेपेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात असतात. त्यांची नावेच मुळी शेळीवाचक लॅटिन शब्दावरून पडली आहेत. ती मुक्त झाली की लोण्याला उग्र वास येतो. दूध धारोष्ण असतानाच तापविले, तर ही अम्ले मुक्त करणारे वितंचक निष्क्रिय होते व वास बराच आटोक्यात राहतो.

प्राचीन इतिहास : इराणच्या झॅग्रॉस पर्वतातील गंज दारेह या स्थळी मिळालेल्या हाडांवरून सु. १०,००० वर्षांपूर्वी तेथे शेळ्या पाळल्या जात होत्या, असे दिसते. तेथे नर कोवळ्या वयात मारले जात व माद्या दीर्घकाळ राखल्या जात. कळप वाढविण्याची ही रीत होय. दुधाचा वापर नेमका केव्हा सुरू झाला, हे हाडांवरून निश्चित करता येत नाही. परंतु वायव्य अनातोलियातील इ. स. पू. सातव्या सहस्रकातील मातीच्या भांड्यांत मुरलेल्या दुग्धवसेचे अवशेष सापडले आहेत. त्या काळी दूध केवळ पिण्यापुरते नव्हते, तर भांड्यांत साठविले वा तापविले जात होते, हे त्यांवरून उघड होते.

घुसळण्याचे पहिले साधन बहुधा कातड्याची पिशवी हे असावे. कातडे कुजून नाहीसे होते. म्हणून त्याचा पुरावा अप्रत्यक्ष आहे. जॉर्डनच्या खोऱ्यातील व नेगेव्हमधील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत (सु. इ. स. पू. ४५००–३६००) आडव्या पिंपासारखी, दोन्ही टोकांना कान असलेली मातीची भांडी मिळतात. ती दोरीने टांगून झुलविण्याची मंथनपात्रे म्हणून ओळखली जातात. त्यांचा आकार टांगलेल्या कातडी पिशवीची आठवण करून देणारा आहे. नेगेव्हमधील गिलात येथील देवस्थानात सापडलेली स्त्रीमूर्ती या संदर्भात विशेष बोलकी आहे. बसलेल्या या स्त्रीच्या डोक्यावर असेच मंथनपात्र असून तिने ते एका हाताने सावरले आहे. घुसळणीचे भांडे देवस्थानातील मूर्तीच्या मस्तकी असावे, यावरून त्या समाजातील दुधाचे व दूध हाताळणाऱ्या स्त्रीचे स्थान ध्यानात येते.

मेसोपोटेमियातील अल् उबैद येथील मंदिराच्या चित्रपट्टीवर (सु. इ. स. पू. २५००) गोठा, दोहन, मोठे भांडे हलवून केलेली घुसळण व गाळणे ही कामे ओळीने कोरलेली आहेत. तेथील जनावरे मात्र गाई आहेत. शेळीच्या दुधाचा घरगुती उपयोग जुन्या करारातील नीतिसूत्रांत स्पष्ट होतो. शेळ्यांचे दूध धन्याला, त्याच्या कुटुंबाला व दासींना पुरेसे होईल, असे तेथे म्हटले आहे आणि याच ग्रंथात दूध घुसळल्याने लोणी निघते, हा दृष्टांतही आलेला आहे.

मसकेतील घुसळण : पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका यांतील पशुपालकांनी ही जुनी रीत अलीकडच्या काळापर्यंत टिकवून धरली. शेळीचे कातडे न चिरता अखंड सोलून काढतात, केस काढून डाळिंबाची साल किंवा झाडाची साल यांसारख्या द्रव्यांनी कमावतात व पायांची भोके बांधून टाकतात. या पिशवीत आदल्या दिवशी विरजलेले दूध अर्धवट भरतात, तोंडाने हवा फुंकून ती फुगवितात आणि तिवईला टांगून किंवा मांडीवर घेऊन मागेपुढे हलवितात. १८७६–७८ या काळात अरबस्तानात प्रवास करणाऱ्या चार्ल्स डाउटी या इंग्रज लेखकाने बेदूइन स्त्रियांच्या या कामाचे वर्णन १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. मसक गुडघ्यांवर झुलवीत राहिल्यावर लोण्याचा गोळा तिच्या तोंडाशी जमतो, हा तपशील त्यात आढळतो.

या पद्धतीत शेळीच्या दुधाची मूळ अडचण आपोआप दूर होते. सगळे दूधच विरजलेले असल्याने साय वर येण्याची वाट पाहावी लागत नाही. आंबटपणामुळे दुधातील प्रथिने साखळतात व वसेचे स्थैर्य कमी होते; हवेच्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागी गोलिका एकत्र येतात, त्यांची पटले फाटतात आणि वसेचे कण एकमेकांस चिकटून रवाळ लोणी तयार होते. ओलसर कातड्यातून पाणी सतत बाष्परूपाने जात असल्याने उष्ण प्रदेशातही आतील दही थोडे गार राहते.

उष्ण हवेत लोणी टिकत नाही. म्हणून ते जमेल तसे कढवून त्याचे तूप करीत. अरबीत यास ‘सम्न’ म्हणतात. कढविताना त्यात थोडे पीठ किंवा भरड गहू टाकतात. लोण्यातील ताकाचा अंश तो शोषून घेतो व तळाशी बसतो. आपल्याकडील बेरीप्रमाणे हा गाळही आवडीने खाल्ला जातो. उरलेले ताक आटवून, मीठ घालून व उन्हात वाळवून त्याचे कठीण गोळे करतात. जॉर्डनमधील ‘जमीद’ व इराणमधील ‘कश्क’ हे याच कुळातील पदार्थ होत. वसंतातील दूध अशा रीतीने हिवाळ्यापर्यंत पुरविले जाई. लोणी हा त्यांतील एक टप्पा होता, अंतिम पदार्थ नव्हे.

तिबेटच्या पश्चिमेकडील चांगथांग पठारावर व लडाखमध्येही पशुपालक याकबरोबर शेळ्यामेंढ्यांचे दूध काढतात. दोहनाच्या वेळी शेळ्यांच्या माना समोरासमोर गुंतवून त्यांची एका दोरीने रांग बांधण्याची तेथील पद्धत प्रसिद्ध आहे. तेथील लोणी मीठ घातलेल्या चहात व भाजलेल्या सातूच्या पिठात खाल्ले जाते.

ग्रीस, रोम व यूरोप : लोण्याचा ग्रीक शब्द ‘बूट्यरॉन’ हा सामान्यतः ‘गाईचे चीज’ अशा अर्थाच्या दोन शब्दांपासून झाला, असे मानतात. ग्रीकांची मुख्य दुभती जनावरे शेळ्यामेंढ्या ही होती आणि त्यांच्या दुधाचे ते चीज करीत. तेलासाठी ऑलिव्ह होतेच. त्यामुळे लोणी हा त्यांच्या दृष्टीने परक्यांचा पदार्थ राहिला. इ. स. पू. चौथ्या शतकातील एका विनोदी नाटककाराने थ्रेसच्या लोकांची ‘लोणीखाऊ’ अशी थट्टा केली आहे.

असे असूनही शेळीच्या लोण्याचे सर्वांत स्पष्ट जुने उल्लेख याच जगातून येतात. इ. स. पहिल्या शतकातील वैद्य डायस्कॉरिडीझ याने अधिक स्निग्ध अशा मेंढीच्या दुधाबरोबरच शेळीच्या दुधापासूनही लोणी होते, असे नमूद केले आहे. त्याचा समकालीन प्लिनी याने लोणी बव्हंशी गाईच्या दुधाचे असते, मेंढीचे सर्वांत स्निग्ध असते व ते शेळीच्या दुधाचेही होते, असे सांगून पुढे कृतीही दिली आहे : हिवाळ्यात दूध कोमट करून आणि उन्हाळ्यात तसेच घेऊन उंच, अरुंद तोंडाच्या भांड्यात ते वारंवार हलवावे. वसा फार कडक असली तरी आणि फार पातळ असली तरी लोणी नीट येत नाही. ऋतूप्रमाणे दूध कोमट करण्याचा हा सल्ला अनुभवातून आलेला आहे.

मध्ययुगीन उत्तर यूरोपात लोणी हे अन्नातील प्रमुख स्निग्ध द्रव्य झाले. तेथील गृहिणी पसरट भांड्यांत दूध ठेवून वर आलेली मलई काढीत व ती उभ्या लाकडी पात्रात दांड्याने घुसळीत. ही पद्धत गाईच्या दुधाला अनुरूप होती. शेळी पाळणाऱ्या डोंगराळ व भूमध्य सामुद्रिक भागांत दुधाचे चीज करणे अधिक किफायतशीर ठरे.

ही परिस्थिती एका यंत्राने बदलली. कार्ल गुस्ताव्ह पॅट्रिक दे लाव्हाल या स्वीडिश अभियंत्याने १८७८ मध्ये सतत चालणारे केंद्रोत्सारी मलई-विभाजक यंत्र सिद्ध केले. वेगाने फिरणाऱ्या पात्रात जड दूध कडेला व हलकी मलई मध्याकडे जाते. गोलिका लहान असल्या, तरी पुरेशा वेगाने त्या वेगळ्या होतात. जे काम गुरुत्वाकर्षणाने दिवसभरात होत नव्हते, ते काही मिनिटांत होऊ लागले. पुढे हाताने फिरवावयाची लहान यंत्रे मिळू लागल्यावर दोन-चार शेळ्या पाळणाऱ्या कुटुंबालाही मलई काढता येऊ लागली. इंग्लंडमध्ये १८७९ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश गोट सोसायटीने शेळीपालनाचा पुरस्कार केला. तेथील अँग्लो-न्यूबियन या अधिक स्निग्ध दुधाच्या जातीच्या घडणीत भारतातील जमनापारी शेळीचाही वाटा आहे.

भारत : वैदिक वाङ्‌मयात लोणी व तूप यांना मोठे स्थान असून ऐतरेय ब्राह्मणात आज्य देवांचे, घृत मनुष्यांचे, आयुत पितरांचे व नवनीत गर्भांचे, अशी विभागणी आहे. यज्ञातील तूप प्राधान्याने गाईचे असले, तरी शेळीचे दूध वर्ज्य नव्हते. प्रवर्ग्य विधीत तापलेल्या तुपात गाईच्या दुधाबरोबर शेळीचे दूधही ओततात आणि शतरुद्रीय होमासाठी तैत्तिरीय संहितेत शेळीच्या दुधाचा निर्देश आहे. सुश्रुतसंहितेत शेळीचे तूप अग्निदीपक, डोळ्यांस हितकर व बलवर्धक आणि कास, श्वास व क्षय यांवर पथ्यकर म्हणून सांगितले आहे. शेळी लहान अंगाची असते, कडू-तिखट पाला खाते, पाणी कमी पिते व सतत हिंडते. म्हणून तिचे दूध रोगहारक असते, अशी उपपत्तीही तेथे आहे. हे गुणवर्णन आयुर्वेदाच्या चौकटीतील आहे. आधुनिक चिकित्सेचा निष्कर्ष म्हणून ते घेता येत नाही.

आर्थिक दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्रात, गोध्यक्षाच्या प्रकरणात आहे. गाईच्या एक द्रोण दुधापासून एक प्रस्थ तूप मिळते, म्हशीच्या दुधापासून त्याहून एक पंचमांश अधिक आणि शेळ्यामेंढ्यांच्या दुधापासून निम्म्याने अधिक मिळते, असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. एका द्रोणात १६ प्रस्थ धरल्यास गाईच्या तुपाचे प्रमाण दुधाच्या एक षोडशांश होते. शेळ्या व मेंढ्या यांचा आकडा एकत्र दिलेला असल्याने आणि मेंढीचे दूध बरेच अधिक स्निग्ध असल्याने तो केवळ शेळीला लागू करता येत नाही. परंतु पुढचे सूत्र अधिक मार्मिक आहे. सर्व दुधांच्या बाबतीत प्रत्यक्ष मंथन हेच प्रमाण मानावे, कारण भूमी, चारा व पाणी यांच्या विशेषांनुसार दूध व तूप वाढते, असे तेथे म्हटले आहे. ठरीव आकड्यापेक्षा घुसळून हाती येणारे लोणी खरे, हे तत्त्व राज्याच्या हिशेबातही मान्य होते. शेळीच्या दुधाचा विचार करताना ते आजही तितकेच उपयोगी पडते.

भारतीय घरांतील घुसळणीचे साधन कातड्याऐवजी मातीचा डेरा व लाकडी रवी हे राहिले. रवी खांबाला अडकवून तिच्या दांड्याला दोरीचे वेढे देतात व दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढून ती उलटसुलट फिरवितात. सगळे दूध विरजण्याची रीत असल्यामुळे शेळीचे दूधही या डेऱ्यात सहज सामावते. महाराष्ट्रात उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी व कोकण कन्याळ या शेळ्यांच्या जाती आहेत. परंतु त्या मुख्यत्वे मांसासाठी पाळल्या जातात. करडांना पाजून उरलेले थोडे दूध मुले, आजारी माणसे व चहा यांनाच पुरते. लोण्याइतके दूध साठणे ही अनेक शेळ्या असलेल्या घरची गोष्ट होय.

शेळीच्या दुधाला आधुनिक भारतात प्रतिष्ठा मिळाली ती म. गांधींमुळे. १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडण्याचे व्रत घेतले होते. १९१८ च्या आजारानंतर प्रकृती सुधारेना, तेव्हा व्रताच्या वेळी मनात गाई-म्हशींचेच दूध होते, ही कस्तुरबांची सूचना मान्य करून १९१९ च्या सुमारास ते शेळीचे दूध घेऊ लागले. आपण व्रताचे शब्द पाळले, आशय पाळला नाही, अशी बोच त्यांनी आत्मचरित्रात व्यक्त केली आहे.

घरगुती कृती : दूध काढताच गाळून उकळतात व कोमट झाल्यावर विरजण लावतात. दही लागल्यावर ते थंड करून, थोडे गार पाणी घालून घुसळतात. विभाजक यंत्राने मलई काढली असल्यास ती विरजून किंवा तशीच थंड अवस्थेत घुसळतात. भांडे निम्म्याहून अधिक भरत नाहीत, कारण फेसाला व हवेला जागा लागते. प्रथम फेस येतो, मग तो बसून बारीक रवे दिसू लागतात. या वेळी घुसळण थांबवून ताक गाळतात आणि लोणी थंड पाण्याने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतात. ताकाचा अंश राहिल्यास लोणी लवकर आंबते. ठेवावयाचे असल्यास मीठ मळतात, अन्यथा कढवून तूप करतात. शेळीचे लोणी गाईच्या लोण्यापेक्षा मऊ असते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे घुसळणे श्रेयस्कर.

४ टक्के वसा असलेल्या १० लिटर दुधात सु. ४०० ग्रॅ. वसा असते. ती सगळी निघाली, तर सु. ५०० ग्रॅ. लोणी मिळेल, प्रत्यक्षात बरीच वसा ताकात राहते. एका शेळीच्या एक-दीड लिटर दुधावर लोणी करू पाहणाऱ्या घराला त्यासाठी आठवडाभर दही-साय साठवावी लागते.

आरोग्य : दूध उकळण्याचे महत्त्व वासापुरते नाही. माल्टा बेटावरील ब्रिटिश सैन्यात दीर्घकाळ रेंगाळणारा ज्वर पसरत असे. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्याचा जंतू वेगळा केला. पण तो येतो कोठून, हे कळत नव्हते. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टी वैद्याने वरवर निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांत हा संसर्ग असल्याचे दाखविले. १९०६ मध्ये सैन्याच्या आहारातून शेळीचे दूध बंद करण्यात आले व रोग झपाट्याने ओसरला. हे जंतू कच्च्या दुधाच्या लोण्यातही जिवंत राहू शकतात. दूध आधी उकळून मग विरजण्याची भारतीय घरांतील रीत या दृष्टीने संरक्षक ठरते.

सद्यःस्थिती : २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सु. १४ कोटी ८९ लक्ष शेळ्या होत्या. तथापि देशातील एकूण दुधात शेळीच्या दुधाचा वाटा जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास आहे. १९७० मध्ये सुरू झालेल्या दुग्धविकास कार्यक्रमाचा भर गाई-म्हशींच्या दुधावर होता. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांच्या शेळीचे दूध त्या व्यवस्थेबाहेर, घरातच राहिले. यंत्राने काढलेले शेळीचे लोणी आता परदेशांत दुकानांतून मिळते. मसकेची किंवा डेऱ्याची घुसळण मात्र कळपांबरोबरच कमी होत आहे. ज्या स्त्रियांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले, त्यांनी त्याची लेखी नोंद ठेवलेली नाही. दही किती आंबले म्हणजे घुसळावे व रवे कधी धरले, हे त्यांना हाताने व आवाजाने कळत असे. हे ज्ञान भांड्यांत किंवा ग्रंथांत फारसे उतरलेले नसल्याने काम करणारे हात आहेत तोवरच ते नोंदवून ठेवणे शक्य आहे.